नाना दलालांच्या वाटीतले चिंचोके

जिथे काम थोडं आणि वाट बघणं फार, तिथे किस्से साठतात. आमच्याकडे तर दिवसभर वाटच बघायची! ठाण्याच्या स्टेशनाबाहेर नाना दलालांची ओटी होती, तिथे आमची शेअरवाल्यांची बैठक भरायची. मुंबईचे भाव यायचे दुपारच्या गाडीने, गार्डाच्या हातून, चिठ्ठीवर. गाडी येईपर्यंत वीस-पंचवीस बडी माणसं लोडाला टेकून पान चघळत बसलेली. एकमेकांची टिंगल करण्यापलीकडे करणार काय?

मी तिथला कारकून. सगळे मला बापू म्हणायचे. चिठ्ठी आणायची, भाव फळ्यावर लिहायचे, पत्रं खरडायची. कान उघडे ठेवायला मात्र कोणाची बंदी नव्हती! आता एक किस्सा सांगायला बसलो की त्याच्यामागून चार निघतात. घरची माणसं उठून आत जातात. तुम्ही बसा.

नाना म्हणजे अंगाने काटकुळे, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे सरकावं लागायचं. भाव सांगताना त्यांनी कधी एका आण्याचंही खोटं सांगितलं नाही. त्यांचं मीठ खाल्लं म्हणून म्हणत नाही. दलालीत असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

आधी चिंचोक्यांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे हातात नसलेला माल विकायची चाल होती. म्हणजे कसं? एखाद्या कंपनीचा शेअर आज तीस रुपये आहे. तुम्हाला वाटतं, हा पडणार. तुमच्याकडे शेअर नाही, तरी तुम्ही आज तिसाला विकून मोकळे! कागद द्यायचा महिनाअखेर. तोवर भाव विसावर आला तर विसाला घेऊन द्यायचा, दहा रुपये खिशात. आणि चढला तर? चढला तर देवाचं नाव घ्यायचं.

असे विकून बसलेले लोक ही गोष्ट लपवायचे. एकदा दोघे सख्खे शेजारी गुपचूप एकाच कंपनीचे शेअर विकून बसले आणि महिनाअखेर एकाच माणसाच्या दारात कागद मागायला भेटले. तिथे जी जुंपली, ती सोडवायला नानांना जावं लागलं!

दुसऱ्या दिवशी ओटीवर पितळेच्या वाट्या मांडलेल्या. कंपनीगणिक एक वाटी. शेजारी चिंचोक्यांचं गाडगं.

"नसलेलं विकता, खुशाल विका," नाना म्हणाले. "पण चार लोकांच्या देखत. पाच शेअर विकले की वाटीत एक चिंचोका टाकायचा. परत घेतले की एक उचलायचा. कोण किती पाण्यात आहे ते सगळ्यांना दिसू दे."

लोक आधी हसले. महिनाभराने बघतो तर येणारा प्रत्येक माणूस फळ्यावरच्या भावाआधी वाट्यांत डोकावायला लागलेला!

*

भाऊसाहेब वकील आमच्या बैठकीचे कायमचे मंदीवाले. गोरे, भारदस्त, आवाज कोर्टात घुमवायची सवय, त्यामुळे पानाचा चुनासुद्धा दावा लावल्यासारखा मागायचे. जगात काहीही चढतंय यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

एकदा एका सूतगिरणीच्या वाटीत अकरा चिंचोके जमले. भाऊसाहेब वाकून बघतात आणि म्हणतात, "अकरा! एवढी शहाणी माणसं उगीच विकत नाहीत. आतून काहीतरी कुजलंय." आणि बारावा टाकला.

आठवड्याभरात गिरणीने नफा जाहीर केला. भाव टणकन वर! विकून बसलेले सगळे हवालदिल. नानांनी एकेकाला शांतपणे विचारलं, "तुम्ही का विकलात हो?"

"वाटीत दहा होते म्हणून."

"आणि तुम्ही?"

"नऊ होते. म्हटलं, कोणाला तरी काही कळलंय."

असं करत करत पहिल्या चिंचोक्यापाशी आलो. तो कोणाचा? कोणीच कबूल होईना. शेवटी नाना खाकरले.

"तो माझा. कल्याणहून एक गृहस्थ आलेले, त्यांना चिंचोका कसा टाकतात ते दाखवायला टाकलेला. उचलायचा राहिला."

भाऊसाहेब दोन दिवस बैठकीला फिरकले नाहीत!

*

पण वाटी नेहमी खोटं बोलायची असंही नाही.

खाडीतून ठाणे ते कल्याण आगबोट चालवायची एक कंपनी निघाली. रिपोर्ट छापलेला, त्यावर बोटीचं चित्र, धूर काढणारं. सगळे घेत सुटले. वाटी कोरडी.

एके दिवशी ओटीवर कोपरचे पोशा पाटील आले. आगरी माणूस, मिठागरांवरचे मुकादम, खांद्यावर घोंगडी, पाय मिठाने पांढरे. त्या कोरड्या वाटीत त्यांनी आपले चार चिंचोके टाकले आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

भाऊसाहेबसुद्धा हसले! "पाटील, रिपोर्ट वाचलात का?"

"मना वाचता नाय येत, वकीलसायेब. मी रोज खारीवर हाय. ओहोटीला ती बोट गालान रुतते. मानसं उतरतात नि चिखलातून चालत काठाला येतात. तिकिट काढून!"

बैठक पुन्हा हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी आपल्याजवळचे बोटीचे शेअर त्याच दुपारी विकून टाकले. मी विचारलं, "नाना, चारच तर चिंचोके आहेत!"

"अरे बापू, किती आहेत ते सगळेच मोजतात. कोणाचे आहेत ते बघ. परवाच्या अकरांमध्ये एकानेही गिरणी पाहिली नव्हती. हा माणूस रोज बोट बघतो."

श्रावणात कंपनी बुडाली. बोट त्याआधीच बुडाली असती तर निदान पाण्यात तरी आहे असं वाटलं असतं!

*

नानांच्या घरच्या काकूंचा किस्सा सांगितला नाही तर त्या वरून रागावतील.

एके सकाळी मी ओटीवर येतो तर मोठ्या वाटीतले निम्मे चिंचोके गायब. मी काही बोलायच्या आत मंडळी जमली. कोणीतरी ओरडलं, "निम्म्या लोकांनी परत घेतले! आतली बातमी फुटली!" झालं! उरलेले मंदीवाले जे घाबरले, ते मिळेल त्या भावाला शेअर घ्यायला धावले. मुंबईत भाव जागच्या जागी आणि ठाण्यात दोन रुपये वर!

इतक्यात काकू बशी घेऊन बाहेर आल्या. "एवढे चांगले चिंचोके धूळ खात पडले होते. भाजून आणलेत. घ्या सगळ्यांनी."

भाऊसाहेबांच्या तोंडात तोवर तीन गेलेले. चावता चावता ते थांबले, बशीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं.

"नाना," ते म्हणाले, "मी आत्ता पंधरा शेअर खाल्ले!"

*

आता छोटासा, पण माझा आवडता.

एका साली अशी तेजी आली की सगळ्या वाट्या रिकाम्या. विकून बसलेला माणूस औषधालाही सापडेना. मंडळी खुशीत. पेढे वाटणं चाललेलं. आणि नाना मात्र आपले शेअर विकतायत!

"नाना, शत्रू उरला नाही आणि तुम्ही पळता?" कोणीतरी चिडवलं.

"शत्रू कसले? विकून बसलेल्या माणसाला कधी ना कधी परत घ्यावंच लागतं. भाव पडायला लागला की तोच पहिला घ्यायला धावतो. तो खाली घातलेली गादी आहे. आज खाली गादी नाही. पडलो तर थेट फरशीवर."

महिन्याभरात पडले सगळे. फरशीवरच. नानांनी एकालाही "मी सांगितलं नव्हतं का?" म्हणून विचारलं नाही. मी असतो तर रोज विचारलं असतं!

*

आणि आता गिरणीचा.

कोपरला भात सडायची वाफेची गिरणी निघाली. पाचशे शेअरची कंपनी. जागा होती पोशा पाटलांच्या भाताच्या शेताची. पाटलांच्या चुलतभावाने सामाईक जमीन परस्पर कंपनीला विकली. पाटील कोर्टात गेले. समोर कंपनीचे वकील कोण? आमचे भाऊसाहेब! भाऊसाहेबांनी दावा जिंकला. पाटलांच्या हिश्श्याची भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा रोख पैसे न देता कंपनीचे साठ शेअर त्यांच्या गळ्यात मारले. पाटलांनी ते कागद पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही. बैठकीला यायचे, पण भाऊसाहेबांच्या बाजूला बसायचे नाहीत.

गंमत बघा, त्याच गिरणीचे शेअर पुढे भाऊसाहेब विकून बसले! "मी तिचा वकील होतो, आतून पाहिलीय. बॉयलर जुना, मॅनेजर चोर." चाळीस शेअर, तीस रुपयांनी. आठ चिंचोके. त्यांचं बघून बाकीच्यांनी टाकले. वाटी भरली, शीग लागली.

एक दिवस नानांनी मला वाटी मोजायला लावली. त्रेचाळीस. नाना पुटपुटत हिशेब करायला लागले आणि मग त्यांनी भाऊसाहेबांना बाजूला घेतलं.

"भाऊसाहेब, परत घ्या. आजच."

"का? बॉयलर नवा बसवला का?"

"बॉयलरचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण पाचशे शेअरपैकी तीनशे डायरेक्टरांच्या घरात, ते विकत नाहीत. साठ पाटलांच्या पेटीत. बाजारात फिरणारे राहिले एकशेचाळीस. आणि वाटीत विकलेले आहेत दोनशे पंधरा! जे नाहीतच ते महिनाअखेर आणणार कुठून? कोणीतरी मुंबईहून गुपचूप घेत सुटलंय. नाव मी सांगणार नाही, ते माझं गिऱ्हाईक आहे. पण वाटी सगळ्यांसमोर आहे, ती तरी बघा."

"नाना, वाटी बघून मी एकदा फसलोय. आता मी गिरणी बघतो."

माणूस बरोबर होता आणि तरी चुकत होता!

वैशाख लागला आणि भाव हलला. चाळीस. साठ. नव्वद. मग मुंबईच्या एका शेठचे मुनीमजी उघडपणे ओटीवर येऊन बसले. सगळा फिरता माल त्यांच्याच ट्रंकेत होता. ज्याला कागद हवा त्याने त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि त्यांनाच द्यायचा! एकेक मंदीवाला पाय ओढत गेला, सांगतील त्या भावाने सुटला, चिंचोके उचलून घरी गेला. वाटीत शेवटी आठच राहिले. भाव एकशेसत्तर.

भाऊसाहेबांकडे एवढी रक्कम नव्हती. होती ती आंबिवलीची जमीन आणि तिथलं लहानसं घर. त्या घरात त्यांच्या थोरल्या विधवा बहीण राहायच्या, ताई. त्यांनीच यांना लहानाचं मोठं केलेलं. भाऊसाहेबांनी खरेदीखत स्वतःच्या हाताने लिहून आणलेलं, फक्त सही बाकी. तो घुमणारा आवाज त्या दिवशी इतका बसलेला की त्यांनी पाणी मागितलं तेही मला दोनदा विचारावं लागलं.

"ताईला अजून सांगितलं नाही," ते मला म्हणाले. माझ्यासारख्या कारकुनाला! मला रडूच आलं.

महिनाअखेरीची ती दुपार. मुनीमजी बसलेले, खत पुढ्यात, दौत उघडी. तेवढ्यात पोशा पाटील पायरी चढून आले, काखेत पत्र्याची पेटी. नानांनी मला सकाळीच कोपरला पाठवलेलं, नुसता निरोप घेऊन: "नानांनी बोलावलंय, कागद घेऊन या." पाटलांनी का म्हणून विचारलं नव्हतं.

पेटी बघताच मुनीमजी सरसावले. "पाटील, साठही घेतो. एकशेसत्तर. रोख!"

"इकायचे नायत."

"दोनशे!"

"नाय म्हनलं ना."

"अहो, नुसता कागद आहे तो!"

"तुमाला कागद. मना शेत हाय. कागद इकला म्हंजे मी शेत इकलं असं होईल. शेत मी इकलं नाय. माजे भावाने इकलं."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. त्यांनी एक अक्षर मागितलं नाही, आणि मागणार तरी कोणत्या तोंडाने?

मग नाना बोलले, त्यांच्या त्या हळू आवाजात. "पाटील, विकू नका. चाळीस कागद भाऊसाहेबांना उसने द्या. ते आज मुनीमजींना देऊन मोकळे होतील. गावात आता विकत घेणारे हेच एक उरलेत. यांना घ्यायची गरज उरली नाही की भाव धाडकन खाली येणार, गिरणी तर वाईट आहेच. मग चाळीस घेतील आणि तुम्हाला परत देतील. फक्त एक सांगतो, तेच कागद परत येणार नाहीत. तेवढेच येतील."

पाटलांनी पेटी मांडीवर घेतली.

"बी उसनं दिलं त तेच दाने कुटं परत येतात?" ते म्हणाले.

मुनीमजी ओरडायला लागले, "हे चालणार नाही, हे कायद्यात बसत नाही!"

"बसतं," भाऊसाहेब म्हणाले. तेवढाच एक शब्द, पण कोर्टातला!

पाटलांनी पेटी उघडली. मी चाळीस कागद मोजले, दोनदा मोजले. पाटलांना सही येत नव्हती. त्यांनी प्रत्येक कागदाच्या उलट बाजूला सावकाश नांगराची निशाणी काढली. चाळीस नांगर! तितका वेळ कोणी पान लावलं नाही की खोकलं नाही. मुनीमजींनी कागद घेतले आणि ट्रंक बंद केली. भाऊसाहेबांनी खरेदीखताचे चार तुकडे केले, मग त्या चारांचे आठ.

ते उठले, पाटलांच्या समोर उभे राहिले. ज्या माणसाचं शेत घालवलं, त्याला काय म्हणायचं ते कोणत्याच कायद्याच्या पुस्तकात नसावं. त्यांनी नुसते हात जोडले. "पाटील, याबद्दल काय घ्याल ते सांगा. जे म्हणाल ते."

"काय नको," पाटील म्हणाले. हलकी झालेली पेटी त्यांनी काखेत मारली, घोंगडी सारखी केली आणि पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर थांबून वळले.

"वकीलसायेब, पर मिरगाच्या आदी परत आना. पेरनी खोलंबंल."